पंखा, मागची फळी आणि आवणीच्या बायका

माझ्या आक्काचं सासर पवना धरणाच्या एका काठावर आहे आणि तिचं भाताचं खाचर समोरच्या काठावर. घराच्या पायरीवर उभं राहिलं की खाचरातले बगळे दिसतात, पण तिथं रस्त्यानं जायचं तर धरणाला वळसा घालण्यात तास मोडतो. म्हणून गेल्या वर्षी दाजींनी, म्हणजे आक्काच्या नवऱ्यानं, चौदा फुटी फायबरची एक जुनी बोट आणली, परवानगीचे कागद केले आणि कोकणातल्या एका मच्छीमाराकडून पंधरा हॉर्सपॉवरची मोटार मिळवली. बोट एका घरची, मोटार दुसऱ्या घरची. त्यांचं जुळवायचं काम माझ्याकडे आलं. आलं म्हणजे मी ओढून घेतलं.

मी तळेगावच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं क्वालिटी विभागात होतो. दुसऱ्यानं केलेल्या वस्तूला माप लावायचं आणि तोंड वाकडं करून ती नापास करायची, हे माझं काम. निवृत्त झाल्यावर नापास करायला घरात फक्त बायकोचा स्वयंपाक उरला होता, आणि तो प्रयोग मी एकदाच केला. त्यामुळे बोट आली तेव्हा मी गेज, मोजपट्टी आणि मोबाइलमधले दहा-पंधरा व्हिडिओ घेऊन हजर झालो.

पहिल्या फेरीतच रोग कळला. मोटारीचा पाण्यात उतरणारा पाय लांब होता, त्याच्या टोकाचा पंखा फार खोल जात होता. पाय पाण्याला अडत होता आणि पाणी उसळून, मोटार अडकवलेल्या मागच्या फळीवरून आमच्या पाठीवर येत होतं. व्हिडिओतल्या गोऱ्या माणसाचं म्हणणं असं, की पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते, ती बोटीच्या बुडाच्या रेषेत साधारण यायला हवी. खाली गेली तर मोटार पाणी ओढत बसते. फार वर आली तर पंखा पाण्याऐवजी हवा घेतो आणि नुसता गरगरतो.

मी मागच्या फळीवर सागाचा एक ठोकळा बसवून मोटार वर उचलली. मोबाइलवर वेग आला ताशी बत्तीस किलोमीटर. इथं थांबलो असतो तर हे लिहायला काही उरलं नसतं. मी आणखी एक ठोकळा बसवला. छत्तीस!

"वळताना किंचाळतीय जरा," दाजी म्हणाले.

"सवय नाही अजून तिला," मी म्हणालो. कारखान्यात एखाद्या पोरानं मला हे उत्तर दिलं असतं तर मी त्याला गेटबाहेर काढला असता.

मग मला पंखाही बदलायची हुक्की आली. पंख्यावर दोन आकडे असतात. पहिला त्याची रुंदी सांगतो. दुसऱ्याला पीच म्हणतात. एका फेरीत पंखा पाणी कापत किती इंच पुढे जाईल, त्याचा तो हिशेब. आमचा नऊचा होता. पीच मोठा म्हणजे सायकलचा जड गिअर. सपाटीला वारा, चढाला छाती फुटते. हे मला माहीत होतं. पण माझ्या डोक्यात चढ नव्हताच, सगळी सपाटीच होती.

वलवणला एक मेकॅनिक आहे. दुचाक्या, शेतीचे पंप आणि बोटीच्या मोटारी असं सगळं तो एकाच पत्र्याखाली उघडून ठेवतो. त्यानं हात पुसत विचारलं, "साहेब, बोटीत वजन किती असतं?"

"दोन माणसं."

"दोनच?"

"दोनच," मी म्हणालो. खोटं बोललो असं नाही. चाचणीला मी आणि दाजी दोघंच होतो, आणि माझ्या लेखी चाचणी हेच बोटीचं आयुष्य होतं. त्यानं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि अकराचा पंखा काढून दिला.

एकोणचाळीस आले. मी मोबाइलच्या पडद्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. भाच्यांनी टाळ्या पाठवल्या. आक्कानं लिहिलं, "आवणीला कधी येतोस?"

आवणी म्हणजे आमच्या मावळातली भाताची लावणी. त्या सकाळी बोटीत चढलो ते असे: आक्का, तिच्या आळीतल्या तीन बायका, दाजी आणि मी. शिवाय रोपांच्या ओल्या जुड्या, जेवणाचं टोपलं आणि पाण्याचा कॅन. बायकांनी प्लास्टिकच्या खोळींवरून नारिंगी लाइफ जॅकेटं चढवली होती. मागं माझी ऐट बसायची म्हणून जुड्यांचा ढीग मीच पुढच्या टोकाला लावायला सांगितला.

काठ सोडला आणि मोटारीचा दांडा पिळला. बोट निघाली, पण एखादा जाडा माणूस खुर्चीतून उठतो तशी. मोटार कण्हत होती, धूर काढत होती. मी आणखी पिळलं. मधोमध आलो तेव्हा वारा सुटला आणि लाटा आल्या. जुड्यांच्या वजनानं पुढचं टोक खाली, मागचं वर. पंखा पाण्याबाहेर डोकावला, मोटार एकदम किंचाळली आणि बोट जागच्या जागी राहिली. पुन्हा पाण्यात, पुन्हा कण्हणं. पुन्हा वर, पुन्हा किंचाळी.

माझ्यासमोर बसलेली म्हातारी मावशी कानावर हात ठेवून म्हणाली, "पाव्हणं, मोटार लय शिकल्याली दिसतीया. बोलती लय, चालत न्हाई."

बाकीच्या हसल्या. एकीनं लगेच जोडलं, "आमची म्हस ह्याच्या आदी पोचली आसती."

मी पीच आणि वजन यांचा संबंध समजावू लागलो. खरंच समजावू लागलो, पाण्याच्या मध्यावर, मोटारीच्या बोंबेवरून ओरडत. तेवढ्यात दाजींनी माझा हात धरला. मोटार थंड ठेवणाऱ्या पाण्याची जी बारीक धार मागून पडते, ती बंद झाली होती. मोटारीला पाणीच मिळत नव्हतं. "बंद करा," ते म्हणाले. "जळंल."

बंद केली. इतकी शांतता झाली की मला माझीच लाज ऐकू यायला लागली. मग दाजी आणि मावशी वल्ही मारायला बसले. मावशींनी मला वल्हं दिलं नाही. "तुमी हिशेब करा," म्हणाल्या.

पोचलो तेव्हा शेजारच्या खाचरात अर्धी आवणी उरकली होती. बायका सरळ चिखलात उतरल्या. मी काठावर बसून पान्यानं मोटार सैल करत होतो. आक्का जुड्या न्यायला आली आणि थांबली. लहानपणी मी तिच्या शाईच्या दौतीत पाणी घातलं होतं, तेव्हा जसं बघितलं होतं तसंच तिनं बघितलं. रागानं नाही. ओळखून.

"बोट कुणासाठी आणली?" तिनं विचारलं.

"तुमच्यासाठी."

"मग माप घेताना आम्हाला कुणी बसवलं होतं का?"

अठ्ठावीस वर्षांत मला एवढ्या थोड्या शब्दांत कुणी नापास केलं नव्हतं. मी वरचा ठोकळा काढून झुडपात भिरकावला. येताना मी पुढं बसलो, सगळ्यांना मध्ये बसवलं, आणि दाजींनी हळूहळू आणलं. किंचाळी थांबली होती, कण्हणं चालूच होतं.

दुसऱ्या दिवशी वलवणला गेलो. मेकॅनिकला सांगितलं, "सहा माणसं आणि रोपं." तो एवढंच म्हणाला, "मी विचारलं होतं, साहेब." मग आमचा जुना नऊचा पंखाही बसवू नका, म्हणाला. एवढ्या वजनाला आठचा घ्या.

आवणी संपल्यावर आम्ही पुन्हा चाचणी घेतली. चौघी बायका मुद्दाम आल्या, कांदाभजी घेऊन. जुड्यांच्या जागी गवताचे भारे ठेवले, मध्यावर. उरलेला ठोकळाही मी रंधा मारून पातळ करत गेलो. थोडं उतरवायचं, सगळ्यांनी बसायचं, जोरात वळवून बघायचं. किंचाळली की पुन्हा काठाला. प्रत्येक वेळी मावशी निकाल द्यायच्या, "आजून बोलतीया." पाचव्या फेरीला वळणावर त्या गप्प बसल्या. मी खाली वाकून बघितलं. आडवी पट्टी बुडाच्या रेषेच्या बोटभर खाली आली होती आणि पाण्याची धार नीट पडत होती.

वेग आला बावीस. आठचा पंखा हलका, म्हणून रिकाम्या बोटीत मोटार फार गरगरू नये यासाठी दांडा पुरता पिळायचा नाही, एवढं पथ्य दाजी पाळतात. खाचर सात-आठ मिनिटांवर आलं आहे.

यंदा बोट आक्काच चालवते. मी गेलो की ती आधी माझं जॅकेट ओढून बघते, मग बोटानं जागा दाखवते. मी तिथं बसतो.