दर्याकडची खिडकी

तोंडवलीला हौसाबाईंचं घर सुरूच्या झाडांना लागून आहे. पुढच्या खोलीतल्या खिडकीतून थेट समुद्र दिसतो. त्यांचे यजमान दाजी सगळा जन्म तांडेल होते. होडी निघायची ती त्यांच्या शब्दावर आणि परत फिरायची तीही त्यांच्याच शब्दावर.

दाजींना विसर पडायला लागला, तो आधी माणसांच्या नावांचा. मग आपण जेवलो की नाही याचा. एकदा त्यांनी सुनेला, प्राजक्ताला विचारलं, "तू कोणाची गो?" तेव्हा ती मागच्या दारी जाऊन रडली. हौसाबाई रडल्या नाहीत. वय झालं की व्हायचंच, असं त्या धरून चालल्या होत्या.

पण होडी दाजी विसरले नव्हते. कान जवळजवळ गेले होते, डोळे मात्र शाबूत होते. उजाडलं की खिडकीशी उभे राहायचे आणि बाहेर पडणाऱ्या होड्या दिसल्या की कासावीस व्हायचे.

"सगळे गेले, मीच रवलंय," म्हणत दाराकडे निघायचे.

"आज जावक नको. वारो वायट आसा," हौसाबाई त्यांच्या कानाशी ओरडून खोटंच सांगायच्या. वाऱ्याचं कारण त्यांना पटायचं. तेवढ्यापुरतं.

दिवाळी सरल्यावर एका सकाळी हौसाबाई परसात भांडी घासत होत्या आणि प्राजक्ता पाणी भरायला गेली होती. दाजी धुतलेला सदरा घालून घराबाहेर पडले आणि सरळ पाण्यात शिरले. छातीपर्यंत पाण्यात गेल्यावर किनाऱ्यावरच्या दोघांना ते दिसले. ओढून आणताना ते हातघाईवर आले. "सोडा माका! जाळां टाकूची आसत!"

मुलगा सिद्धेश कुडाळच्या कारखान्यात कामाला. तो धावत आला. डॉक्टर म्हणाले, हा आजार बरा होणारा नाही, वाढतच जाणार. दाराला कडी घाला. कडी घातली, तर दाजी होड्या बघून दारावर डोकं आपटू लागले. पडदा लावला, तो त्यांनी ओढून फाडला. सिद्धेश म्हणाला, खिडकीला फळ्याच मारतो.

"तेंका काय काळोखात ठेवूचा?" हौसाबाईंनी एवढंच विचारलं.

तोडगा प्राजक्ताने काढला. कट्टा गावात बचत गटाच्या बायकांसाठी काचेवर रंगकाम शिकवलं होतं, तिथे ती गेली होती. उजेड आत येईल, पण पलीकडचं दिसणार नाही, असं ती म्हणाली. सिद्धेशने चौकटीच्या पट्ट्या उखडून काचा सोडवल्या आणि सासूसुना त्या जमिनीवर आडव्या घालून बसल्या. उभ्या काचेवर रंग ओघळतो.

प्राजक्ता होडीचं चित्र काढायला बसली. तिला शिकवलं होतं तेच.

"होडी नको. मासळी पण नको," हौसाबाई म्हणाल्या. "तेंका आठवतला असा काय नको."

मग जास्वंदी काढली, कर्दळीची पानं काढली. पांढऱ्या गममध्ये काळा रंग कालवून तो मेंदीच्या कोनात भरला आणि प्राजक्ताने त्याच्या जाड रेघा ओढल्या. रेघा वाळल्यावर त्यांच्या मधल्या जागेत हौसाबाईंनी ब्रशने रंग भरले. तेही गममध्येच कालवलेले, लावताना दुधट आणि वाळल्यावर पारदर्शक. बुडबुडा आला की त्या सुईने फोडायच्या. आयुष्यात त्यांनी कधी ब्रश हातात धरला नव्हता. काम सुरेख झालं होतं, आणि ते सुरेख झालंय याची त्यांना लाज वाटत होती.

काचा परत बसवल्या. सकाळी खोलीत लाल-हिरवा उजेड पडला. दाजी खिडकीशी गेले, काचेवरून हात फिरवला, बराच वेळ उभे राहिले.

"दर्या खंय गेलो गो?"

"हयसरच आसा. खंय जातलो?" हौसाबाई म्हणाल्या.

काही दिवस ते रोज विचारत. मग विचारेनासे झाले. दाराकडे धावणं थांबलं. घराला हायसं वाटलं. शेजारणी काचा बघून कौतुक करून गेल्या. पण दाजी आता खिडकीशी उभेच राहत नसत. खाटेवर बसून राहायचे, मग पडून राहू लागले. चालणं सुटलं, तसे पाय गेले. होळीपर्यंत बोलणंही आटलं. "वारो वायट आसा" हे हौसाबाईंना आता कुणाला सांगायला लागत नव्हतं.

आषाढात खारी दमट हवा काचांना लागली. रंग पांढुरके पडले, चिकट झाले, कडेने सुटू लागले. खोलीतला उजेडही गढूळला. एका दुपारी हौसाबाई कढत पाणी आणि जुनी सुरी घेऊन बसल्या.

"आई, परत करूया. दुसरो रंग मिळता, पाण्याक टिकता," प्राजक्ता म्हणाली.

"नको. तेंका बगूंदे."

त्यांनी रंग खरवडून काढला, काचा फडक्याने लख्ख पुसल्या. सिद्धेशने वडलांना उचलून खिडकीसमोर खुर्चीत बसवलं. समोर समुद्र उधाणलेला, लाटा पार सुरूंच्या मुळांपर्यंत येत होत्या. हौसाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. पुष्कळ वेळाने दाजी बोलले.

"केवढा पाणी साचला गो अंगणात!"

हौसाबाई उठून चुलीकडे गेल्या.

दसऱ्याच्या आधी दाजी गेले. दिवसकार्य झाल्यावर सिद्धेशला कळलं की आईच्या मनात काहीतरी डाचतंय. त्याने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मी तेंचो दर्या बंद केलंय रे."

"आये, ह्या होवचाच होता. डॉक्टरान सांगलेला मा?"

"तू म्हणतस ता खरा असात," हौसाबाई म्हणाल्या.

पर्यटकांना खोल्या देणाऱ्या घरांतून हल्ली प्राजक्ताला काचकामासाठी विचारणा होते. खिडकीत टांगायची फुलं, दिव्याच्या पेट्या, असलं काही. ती पाण्याला टिकणारे रंग आणते. नड पडली की सासूला हाक मारते आणि हौसाबाई येतात, रंग भरून देतात, हात अजून स्थिर आहे. फक्त कुणी अख्खी खिडकी रंगवायला सांगितली की त्या ब्रश खाली ठेवतात आणि उठतात. प्राजक्ता त्यांना थांबवत नाही.