विज्ञानकथावाल्यांचे राग

किस्से हसण्यामुळे साठतात, असं लोक म्हणतात. खोटं आहे! हसून झालं की माणूस विसरतो. राग आला आणि तो तोंडातल्या तोंडात राहिला, की त्याचा किस्सा होतो. तो मग वीस वर्षं टिकतो. माझ्याकडे असे पुष्कळ आहेत, कारण मी नाशिकच्या आमच्या विज्ञानकथा मंडळाची चिटणीस होते. चिटणीस म्हणजे खुर्च्या मांडणारी, चहा सांगणारी आणि वादात कुणी रागावून निघालं की दारात आडवी उभी राहणारी. पोटापाण्याची नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये.

मंडळ निघालं नव्वदीच्या सुरुवातीला. नियमित येणारे चारच. दीक्षित सर, कॉलेजातून रिटायर झालेले फिजिक्सचे प्राध्यापक. डॉक्टर शैला बोरसे, भूलतज्ज्ञ. रावसाहेब जाधव, दिंडोरीचे द्राक्षबागाईतदार, ते मोटरसायकलवरून यायचे आणि अंगाला फवारणीचा वास घेऊन यायचे. आणि चौथी मी. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी वाचनालयाच्या माडीवर जमायचं, एक गोष्ट वाचायची आणि तिच्यातल्या प्रश्नावर भांडायचं. बस्स. त्यात लोकांना राग येण्यासारखं काय होतं, मला अजून कळलेलं नाही. आम्हांला मात्र भरपूर आला!

* * *

एका साहित्य मेळाव्यात आम्ही कार्यक्रम मागितला. संयोजक म्हणाले, "विज्ञानकथा का? वा वा! मग तुम्ही बालविभागात या ना!"

आम्हांला वेळ मिळाली चित्रकला स्पर्धा आणि जादूचे प्रयोग यांच्या मध्ये. दीक्षित सरांनी वाचलेली गोष्ट अशी: एका माणसाचे अवयव एकेक करून बदलतात. आधी हात, मग डोळे, मग काळीज, शेवटी मेंदूसुद्धा थोडा थोडा. तो 'तो' राहिला नाही, असं नेमकं कधी म्हणायचं?

मुलं गप्प बसून ऐकत होती. गप्पा मारत होते ते पहिल्या रांगेतले मोठे! गोष्ट संपल्यावर संयोजक स्टेजवर आले, आणि माइक धरून हसत म्हणाले, "छान कल्पना. पण एवढं कुणी स्वतःला बदलून घेतं का हो?" आणि बोलता बोलता त्यांनी अंगठ्यानं वरची कवळी नीट बसवली.

सर खाली उतरताना म्हणाले, "सुरुवात तोंडापासूनच होते!"

माइक चालूच होता.

* * *

'ओरिजिनल कुठला?' हा आमच्या मंडळातला सगळ्यांत लांबलेला वाद. गोष्टीत एका माणसाची हुबेहूब प्रत तयार होते. आठवणी त्याच, गालावरचा व्रणही तोच. दोघंही म्हणतात, मीच खरा. दीड तास झाला, सर फळ्यावर आकृत्या काढत होते. मग त्यांनी विचारलं, "आता सांगा, कॉपी नष्ट केली तर तो खून म्हणायचा का?"

रावसाहेब एकदम उठलेच.

"सर, माझी सगळी बाग एकाच वेलाच्या काड्यांची हाय. काडी कापायची, लावायची, त्याचीच दुसरी. सगळ्या कॉप्या! पण भुरीचा रोग एकीला येतो, शेजारणीला नाय. एक वेल रुसती, एक घडांनी लवती. मला लांबून सुदिक वळखू येत्यात."

"पण तात्त्विकदृष्ट्या, रावसाहेब..."

"तात्त्विक नाय, तुमी दिंडोरीला या. मी तुमच्या हातात कुऱ्हाड देतो. एक कॉपी तोडून दाखवा. मंग माझी बायको सांगंल तुमाला, खून होतो का नाय!"

सरांनी फळा पुसला.

* * *

एका कथास्पर्धेत एका गृहस्थांच्या गोष्टीला पहिलं बक्षीस मिळालं. गोष्टीत यंत्रबायको होती. स्वयंपाक करते, दमत नाही, उलट बोलत नाही, आणि नवरा वारल्यावर आपली बॅटरी स्वतःच काढून ठेवते! परीक्षकांनी लिहिलं होतं, 'हृदयस्पर्शी.'

मला जेवण गेलं नाही. शैलाताईंना झोप आली नाही, आणि त्या भूल देणाऱ्या!

पुढच्या वर्षी त्यांनी गोष्ट पाठवली. तिच्यात यंत्रनवरा. तो भांडी घासतो, रोज विचारतो, "दमलीस का?" बायको सुखावते. मग एक दिवस तिच्या मनात येतं, की ह्याला 'नाही' म्हणताच येत नसेल, तर ह्याच्या 'हो'ला प्रेम म्हणायचं का? प्रश्न केवढा मोठा! गोष्ट साभार परत आली. समासात पेन्सिलीनं शेरा होता: 'कल्पना अवास्तव. पुरुष-यंत्राच्या अशा वर्तनाला शास्त्रीय आधार नाही.'

आम्ही दोघींनी मिळून पोस्टकार्ड टाकलं. मजकूर माझा. 'शास्त्रीय आधाराचं राहू द्या. आम्हांला घरातलाही मिळत नाही!'

उत्तर आलं नाही. पण पोस्टमननं वाचलं असणार, कारण तो नंतर शैलाताईंशी फार अदबीनं वागायला लागला.

* * *

शैलाताईंचाच दुसरा. हा त्यांनी आम्हांला रागानंच सांगितला.

त्याआधीच्या बैठकीत आम्ही गाढ झोपेत शंभर वर्षं घालवणाऱ्या प्रवाशाची गोष्ट वाचली होती. जागा झालेला माणूस तोच कशावरून? झोपेत तो होता कुठे? सरांनी त्यावर सुंदर भाषण केलं, आम्ही टाळ्या वाजवल्या.

त्याच आठवड्यात ऑपरेशनच्या टेबलावर चांदवडकडचे एक टेम्पोवाले होते. कांद्याची वाहतूक करणारे, आडवे तिडवे धिप्पाड. शैलाताई सुई लावत होत्या, तेवढ्यात टेम्पोवाल्यांनी त्यांचं मनगट धरलं. "डॉक्टरीनबाई, मी झोपल्यावर मी कुठं जातो?"

सर्जन ओरडले, "ओ, फालतू प्रश्न नकोत! आम्हांला पुढं चार केसेस आहेत."

शैलाताई आम्हांला म्हणाल्या, "सरांनी विचारला की तत्त्वज्ञान, आणि टेम्पोवाल्यानं विचारला की फालतू! तो तर खरोखर जाणार होता. आपण नुसते खुर्चीत बसून होतो." त्यांनी सर्जनला दोन मिनिटं थांबवलं. पेशंटला सांगितलं, "मलाही माहीत नाही. पण तुम्ही परत येईपर्यंत मी इथून हलणार नाही."

ऑपरेशन नीट झालं. माणूस डोळे उघडायला लागला. जीभ जड, तरी पहिलं वाक्य आलं, "तुमी हाललात का?"

"नाही."

त्यांनी जरा विचार केला.

"मंग मीच हाय," म्हणाले, आणि परत झोपले.

दीक्षित सरांनी हे ऐकून आपल्या भाषणाचे कागद घडी करून खिशात घातले. ते भाषण त्यांनी पुन्हा कधी केलं नाही.

* * *

माझी एक गोष्ट दिवाळी अंकात छापून आली. माणूस पुढे काय करणार हे आधीच सांगणारं यंत्र, आणि मग त्याच्या हातून घडलेल्या गुन्ह्याला त्याला जबाबदार धरायचं का, असा प्रश्न. चार महिने घासली होती. वाचकाचं पत्र आलं. एकच! सिडकोतल्या एका गृहस्थांचं. 'यंत्र कुठे मिळेल? मुलगी लग्नाची आहे. स्थळाचा स्वभाव आधी कळल्यास बरे.'

गुन्हा, जबाबदारी, काही नाही! मी दात-ओठ खात लिहिलं, 'यंत्र काल्पनिक आहे. चौकशी खरी करावी.'

पंधरा दिवसांनी त्यांचं दुसरं पत्र. 'आपल्या सल्ल्याप्रमाणे चौकशी केली. आपले आभार. मुलगा नोकरीला चांगला आहे, निर्व्यसनी आहे, परंतु विज्ञानकथा वाचतो असे समजले. नकार कळवला आहे.'

ते पत्र मी फाडलं. नंतर त्या मुलाचा पत्ता तरी विचारायला हवा होता असं वाटलं, मंडळात पाचवा झाला असता!

* * *

आणि हा पेठ गावाच्या पुढचा, आदिवासी पट्ट्यातला.

दोन हजारनंतरची गोष्ट. तिकडच्या एका आश्रमशाळेतले भोये गुरुजी आमच्याकडे एकदा येऊन गेले होते. त्यांनी बोलावलं म्हणून आम्ही चौघं जीपनं गेलो. शाळेच्या पटांगणात मुलं बसली होती, मागे गावातली माणसंही. कार्यक्रमाआधीच गुरुजींनी सांगितलं होतं, की ही निम्मी वस्ती पूर्वी खाली नदीकाठी होती. तिथे धरण झालं, घरं आणि भाताची खाचरं पाण्यात गेली, तेव्हा ही माणसं वर आली.

दीक्षित सरांनी आपली लाडकी गोष्ट वाचली. परग्रहावरचे लोक एका नदीकाठी उतरतात. ते कुणाला मारत नाहीत, ओरडत नाहीत. शेतांतून हिंडतात, चकाकणारे खांब रोवतात, जमीन मोजतात, वहीसारख्या कशात तरी लिहून घेतात आणि निघून जातात. गावाला कळत नाही, हे पाहुणे की शत्रू?

नाशिकमध्ये हीच गोष्ट वाचली होती, तेव्हा लोकांनी काय काय सांगितलं होतं! एक म्हणाले, आधी त्यांची टेक्नॉलॉजी मागून घ्या. एक म्हणाले, हार घालून सत्कार करू. कॉलेज रोडवरच्या एक बाई म्हणाल्या, त्यांच्याबरोबर फोटो काढू.

इथे मागची माणसं आपापसांत कुजबुजायला लागली. सर हसून म्हणाले, "घाबरू नका, गोष्टच आहे. सांगा, तुम्ही त्यांना काय विचाराल?"

मागच्या बाजूला सोनीबाई उभी होती. शाळेत मुलांच्या भाकरी थापणारी, हाताला पीठ तसंच. ती पुढे आली आणि तिच्या बोलीत गुरुजींना काहीतरी म्हणाली. चार-पाच शब्दच. मागची सगळी माणसं माना हलवायला लागली. कुणी हसलं नाही.

"काय म्हणतात त्या?" सरांनी विचारलं.

भोये गुरुजींनी आमच्याकडे न बघता सांगितलं, "ती विचारते आहे, नोटीस कुठल्या भाषेत लावली होती?"