उडणारा माणूस जेवत नाही

आक्काचं मत एकदा झालं की झालं. रंगीत पुस्तकातला तो उडणारा माणूस मेलेला आहे, असं तिनं पहिल्याच पुस्तकाला सांगून टाकलं, आणि मग ते काही केल्या बदलेना.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. सासरहून खोकला घेऊन आली ती आकुर्डीला आमच्याकडेच राहिली. म्हणजे घरात नाही, घराला लागून गवत ठेवायची खोप होती तिथं. तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. मी तेव्हा चौथीत. मला खोपीच्या आत जायला बंदी. दारात बसून बोलत राहायचं, एवढंच माझं काम. आणि बोल म्हणून मला कधी सांगावं लागलं नाही, आजही लागत नाही.

धाकटे चुलते खडकीला कारखान्यात होते. पडून पडून पोरगी कंटाळते म्हणून त्यांनी पुणे स्टेशनवरून एक कोरं करकरीत इंग्रजी चित्रांचं पुस्तक आणलं. इंग्रजी आमच्यात कुणालाच येत नव्हतं. चुलते म्हणाले, वाचायचं कशाला, बघायचं. नियम एकच होता, आक्काच्या हातात गेलेली वस्तू परत घरात यायची नाही. म्हणून आधी मी ते मनसोक्त बघायचे, नव्या कागदाचा वास घ्यायचे, मग आत सरकवायचे.

मला तो माणूस फार आवडला. भिंत फोडतो, आगगाडी उचलतो. आक्का म्हणाली, एवढ्या गोळ्या लागल्या तरी रक्ताचा थेंब नाही, पाय भुईला टेकत नाहीत, ही जित्या माणसाची लक्षणं आहेत होय? मेला असणार, आणि मागच्यांची काळजी सुटत नाही म्हणून फिरतोय. आणखी दोन पुस्तकं आली. त्यांच्यावरही तिचं चालायचंच. रंग पहिल्यातले चांगले होते म्हणे, आणि दुसऱ्यातली बाई सारखी गच्चीवरून पडते, तिला घरी काही काम नाही काय? आम्ही हसायचो. हसलं की तिला खोकल्याची ढास लागायची, मग मी गप्प.

वडील पिंपरीला औषधाच्या कारखान्याच्या बांधकामावर होते. सगळा गाव आक्काला सांगायचा, कारखाना सुरू होऊ दे, मग बरी होतेस बघ. कारखाना सुरू झाला. वडिलांनी डॉक्टरला विचारलं, तर ते म्हणाले, ते औषध या आजाराचं नव्हे. वडिलांनी हे आक्काला सांगितलं नाही, पण त्यांच्या तोंडावरूनच ती समजली. तेव्हापासून तिचं ताट भरलेलं राहू लागलं. आईनं दूधभात करून पाहिला, गूळभाकरी कुस्करून दिली. आक्का म्हणायची, त्या उडणाऱ्याला कुठं भूक लागते?

मला भीती बसली. मनाशी ठरवलं, तो माणूस जेवताना हिला दाखवायचा. जेवतो म्हणजे जिता, आणि जिता आहे हे पटलं की हीही जेवेल. हट्ट करून चुलत्यांबरोबर स्टेशनला गेले आणि पुस्तकवाल्यापुढं एकेक पुस्तक उलटत बसले. तो चुलत्यांना म्हणाला, पोरगी विकत घेणार आहे का इथंच संपवणार आहे? शेवटी सापडलं. कोट-टोपीतला माणूस टेबलाशी बसून पाव खातोय. नाक तेच, हनुवटी तीच.

घरी आल्या आल्या मी खोपीच्या दारात उभी राहिले.

"आक्का, ह्यो बघ, जेवतोय."

तिनं ते घेतलं. आधीची तिन्ही उशाखालून काढली आणि बराच वेळ पानाला पान लावून पाहिलं.

"ह्यो त्यो न्हाई, बारके. ह्यो त्याचा भाऊ."

"त्योच हाय. नाक बघ की."

"भावाभावांची नाकं सारखीच असत्यात. ही दोघं संगं दिसली का तुला कुठल्या चितरात? एक असतो तवा दुसरा नसतो. एक मेलेला, एक जिता."

तिनं पुस्तक मिटलं.

"भाऊ गेलाय, तरीबी जेवतोय बघ. तूबी जेवायचं. ऐकलंस का?"

पुढं इंग्रजी मी माझी मीच शिकले, दुकानांच्या पाट्यांवरून, औषधांच्या खोक्यांवरून. मग तसलंच एक पुस्तक वाचलं तेव्हा कळलं की ते दोघे एकच. कोट उतरवला की तो उडतो. पण कळून उपयोग काय, सांगणार कुणाला? आणि खरं सांगू, मला अजून आक्काचंच म्हणणं पटतं.

दिवाळीच्या आधी ती गेली. तिचं अंथरूण खोपीमागं जाळलं, त्यात चारही पुस्तकं गेली. आमची चूल त्या दिवशी पेटली नाही. संध्याकाळी भावकीतली एक काकू कडू घास म्हणून पिठलं-भाकरी घेऊन आली. आई-वडिलांनी हात लावला नाही. मी दीड भाकरी खाल्ली. एकेक घास पाण्याच्या घोटानं ढकलला.

काकू दारातल्या बाईला म्हणाली, "बघा, बहीण गेली अन् पोरीला भूक लागलीया."

मी ऐकलं, आणि आणखी अर्धी मागून घेतली.