दूध उकळलं होतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही धड कळत नाही — पण तोंड उघडलंय, तर आता थांबत नाही.

मी जनावरांचा डॉक्टर. हर्सूलला राहतो. नोकरी सांभाळून घरामागच्या शेडात जखमी रानटी प्राण्यांवर उपचार करायचो. विजेच्या तारेला चिकटलेली वानरं, गाडीखाली सापडलेली मुंगसं — वनखात्याची माणसं आणून द्यायची. लोक कौतुक करायचे. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

आणि घाई असायची. जखम दिसली की भारीतलं अँटिबायोटिक, पोट बिघडलं की त्याहून भारी. जनावर खायला लागलं की इंजेक्शनं बंद, कोर्स अर्धवट, पिंजरा दुसऱ्यासाठी रिकामा. बरी झालेली वानरं मी तलावाकाठी सोडून यायचो. ती पोटात औषधांना न जुमानणारे कसले जंतू घेऊन चाललीत, हा विचार मनात आला नसेल का? आला होता. शिकलेलाच होतो की मी. पण विचार केला तर हात आखडता घ्यावा लागला असता.

शाहीन आमच्या गल्लीतली. शिवणकाम करायची, लग्न ठरत आलेलं. त्या सुमारास चिकलठाण्याजवळ जालना रोडवर एक वानरीण गाडीखाली मेली, आणि तिच्या छातीला बिलगलेलं पिल्लू माझ्या शेडात आलं. त्याला सारखी माणसाची ऊब लागायची. मला ते जमेना. शाहीन म्हणाली, "द्या माझ्याकडं, चाचा." ओढणीत बांधून ती मशीनवर बसायची. मी सांगितलं तसं बकरीचं दूध उकळून, कोमट करून, थेंब थेंब पाजायची. पिल्लू तिच्या कानातला डूल मुठीत धरून झोपी जायचं.

मग त्याला जुलाब लागले. मी औषध दिलं, बदललं, पुन्हा बदललं. काही लागू पडेना. शेवटी पिल्लाच्या आणि शेडातल्या बाकीच्या प्राण्यांच्या विष्ठेचे नमुने कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या एका मैत्रिणीकडं तपासायला दिले. तिचा फोन आला. "सगळ्यांच्या पोटात तोच जंतू आहे रे. आपल्याकडची जवळजवळ सगळी औषधं त्यानं पचवलीत. पिल्लाला तो तुझ्या शेडातच लागलेला दिसतोय."

मी फोन ठेवून शाहीनकडं गेलो. पिल्लू तिच्या मांडीवर होतं — गेलेलं. ती त्याचं अंग अजून चोळत होती.

"चाचा, माझं काही चुकलं का?"

काय अवघड होतं? 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण गल्लीतल्या बायका दारात जमल्या होत्या, वनखात्याचा माणूस उभा होता, आणि मी —

मी म्हणालो, "दूध नीट उकळलं नसशील."

"उकळलं होतं," ती म्हणाली. मग आईकडं वळली. आवाज बारीक झाला होता. "उकळलं होतं ना, अम्मी?"

तिच्या डोळ्यांत शंका शिरताना मी पाहिली. मीच घातलेली. अडवली नाही.

पुढं ती लग्न होऊन पाचोडला गेली. शेड मी बंद केलं. पाठ दुखते, असं लोकांना सांगितलं.

यंदा तिच्या अम्मीनं आजारी बकरी बघायला बोलावलं. शाहीन बाळंतपणाला आलेली. बाळ रडत होतं, आणि अम्मी त्याला बाटलीनं दूध पाजत होती. शाहीन भिंतीला टेकून बघत बसलेली.

"लई समजावलं डॉक्टरसाब," अम्मी म्हणाली. "अंगावर पाजत नाय. बाटलीला हात लावत नाय. म्हणते, माझ्या हातून पोरगं मरंल."

शाहीन कसनुसं हसली. "चाचांना म्हाईताय ना अम्मी. त्या पिल्लाचं."

माझ्या तोंडात शब्द होते. ती समोर होती, बाळ समोर होतं, दारात कुणी परकं नव्हतं. आता तर भ्यायलाही कारण नव्हतं. मी बकरीला सुई टोचली. हात धुतले. पुढ्यात आलेला चहा प्यालो.

निघताना ती दारापर्यंत आली. "दुआ करा चाचा, ह्याच्यासाठी," म्हणाली.

मी हो म्हणालो.