टाकीतला कडा

बेकरीत तिला सगळे क्रीमताई म्हणत. दिवसभर दुसऱ्यांच्या वाढदिवसाच्या केकवर गुलाब उमलवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन कांदा चिरायचा, असा तिचा दिनक्रम. दोन्ही कामांचा तिला कधी कंटाळा नव्हता. कंटाळा होता तो कांदा चिरताना पलीकडून येणाऱ्या आवाजाचा.

"सूनबाई, गॅस मोठा आहे."

"हो बाबा."

"झाकण तिरकं बसलंय."

आवाज सासऱ्यांचा. बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये कमरेएवढा कठडा होता आणि त्यावर माशांची पाच फुटी टाकी. पलीकडे सासऱ्यांची खुर्ची, अलीकडे तिचा ओटा. सासऱ्यांची सगळी नोकरी बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून झाली होती. बाटली उजेडात धरायची, काचेत बुडबुडा किंवा तडा दिसला की बाजूला काढायची. निवृत्त झाले तरी काचेतून आरपार बघायची सवय काही सुटली नाही. मनाने माणूस लोण्यासारखा, पण गोल्डफिशच्या शेपटीआडूनही त्यांना उतू जाणारं दूध बरोबर दिसे.

"तुमचे बाबा मला नापास करायला टपलेले असतात," ती एकदा नवऱ्याला म्हणाली. नवऱ्याने तिच्याकडे बघितलं, टाकीकडे बघितलं आणि तो दात घासायला निघून गेला.

मग एक दिवस बेकरीच्या दर्शनी कपाटात ठेवायचा थर्माकोलचा खोटा केक कोरताना तिला युक्ती सुचली. संध्याकाळी तिने अगदी साळसूदपणे विषय काढला.

"बाबा, माशांना मागून आडोसा नको का? नदीकाठी खडकांचा कडा असतो ना, तसा टाकीत करू या. मी कोरते."

सासऱ्यांनी चष्मा पुसला. "थर्माकोलवर सिमेंटचा हात द्यावा लागेल."

"देऊ की."

"मग मीही आहे," ते म्हणाले. हे तिच्या हिशेबात नव्हतं.

पण काम सुरू झालं आणि तिला मजा येऊ लागली. केक कापायच्या दातेरी सुरीने तिने कपारी पाडल्या. सासरे मागे उभे राहून म्हणत, "हे खडक नाहीत, पाव वाटतायत," आणि ती हसत पुन्हा कोरायला घेई. सिमेंटचा पातळ लगदा तिने क्रीमच्या पिशवीत भरला आणि खाचाखाचांतून पिळून काढला. पहिला हात काळपट, त्यावर करडा, शेवटी कडांवर फिकट. सिमेंटमधला माशांना बाधणारा क्षार निघून जावा म्हणून कड्याचे तुकडे न्हाणीघरात मोठ्या टबात बुडवून ठेवले, वर विटा ठेवल्या. रोज पाणी बदलायचं काम सासऱ्यांनी स्वतःकडे घेतलं, आणि नवऱ्याला बरेच दिवस खडकांच्या शेजारी आंघोळ करावी लागली.

शेवटी मासे त्याच टबात हलवले, टाकी कोरडी केली आणि कडा सिलिकॉनने मागच्या काचेला चिकटवला. "हे नीट वाळेपर्यंत पाणी घालायचं नाही," तिने बजावलं आणि ती कामावर गेली.

परत आली तेव्हा सासरे स्टुलावर उभे होते. दोन्ही हात खांद्यापर्यंत पाण्यात, सदरा ओलाचिंब.

"काय झालं बाबा?"

"मासे टबात उदास वाटत होते. म्हणून पाणी भरलं," ते म्हणाले. "कडा तरंगायला लागला. सोडला की वर येतो."

जन्मभर दुसऱ्यांच्या चुका पकडलेला माणूस असा रंगेहाथ सापडलेला बघून तिला हसू आवरेना. तिने घाईघाईने नळी लावली, एक टोक बादलीत सोडलं आणि दुसऱ्या स्टुलावर चढून कड्याची दुसरी बाजू दाबून धरली. पाणी सावकाश उतरू लागलं. दोघांनाही हलायची सोय नव्हती.

"आडोसा माशांना नको होता, तुला हवा होता," सासरे अचानक म्हणाले. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

तिचे कान तापले. "मग मदत का केलीत?"

"काम चांगलं चाललं होतं." त्यांनी निसटू पाहणारा कडा पुन्हा खाली दाबला. "मासे बघून किती बघणार गं? ते नुसते येतात नि जातात. तू काहीतरी करत असतेस. बघताना बरं वाटतं. बोललो नाही तर तुला वाटायचं, म्हातारा नुसता टक लावून बसलाय. म्हणून झाकण, गॅस, काहीबाही."

"बादली भरत आली," ती म्हणाली.

दुसऱ्यांदा कडा बसवला तो पक्का. बैठकीतून बघितलं तर खरोखर नदीचा काठ वाटे, आणि गोल्डफिश कपारीत शिरून ऐटीत बाहेर येई. स्वयंपाकघरात मात्र अगदी शांतता. पहिल्या संध्याकाळी तिने मनासारखा, कुणी न टोकता स्वयंपाक केला. दुसऱ्या संध्याकाळी तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. तिसऱ्या संध्याकाळी तिनेच हाक मारली.

"बाबा, जरा इकडे या. या बाजूने काम कसं दिसतंय ते बघा."

सासरे आले. स्वयंपाकघराच्या बाजूने काचेत उघडा पांढरा थर्माकोल आणि सिलिकॉनचे ओघळ दिसत होते. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"ही बाजू नापास," ते म्हणाले.

"मग करा तुम्ही. काचेला बाहेरून पत्रा लावू, त्यावर खडक करा. मला वेळ नाही."

खरं तर काळ्या कागदाने ते काम चुटकीसरशी झालं असतं, पण तिने कागदाचं नावही काढलं नाही. सासऱ्यांची खुर्ची ओट्याजवळ आली. तिने त्यांना क्रीमची पिशवी धरायला शिकवली, वरून पिळायची, खालच्या हाताने दिशा द्यायची. त्यांची पहिली रेघ वाकडी आली.

"राहू द्या, खडक काही सरळ नसतात," ती भाजी हलवत म्हणाली.

त्यांनी ती रेघ पुसून टाकली आणि पुन्हा सुरुवात केली.