बिनमिठाचं गाजर

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून एक गिनीपिग घरी आणला. त्याचे पुढचे दात वाकडे वाढायचे, त्याला धड कुरतडता येत नव्हतं, म्हणून प्रयोगशाळेलाही तो नकोसा झाला होता. आई म्हणाली, "हा उंदीर माझ्या घरात नको."

पंचवटीतल्या ज्या डॉक्टरांकडे त्याला नेलं, त्यांचे बाकीचे पेशंट म्हशी होत्या. त्यांनी दात कापले, दर तीन आठवड्यांनी यायला सांगितलं आणि बजावलं, "सगळं बारीक किसून द्या. मीठ अजिबात नको."

दोन दिवस मी गाजर किसलं. तिसऱ्या दिवशी आईने माझ्या हातातून किसणी काढून घेतली. मी म्हणे फार जाड किसत होते.

खरी पंचाईत बाबांची झाली. त्यांना कवळी होती आणि कोशिंबीर जरा बारीक कर म्हणून ते वर्षानुवर्षं आईच्या मागे लागले होते. आईचं उत्तर ठरलेलं असायचं, "सावकाश चावा, कुठे गाडी पकडायचीय?" आता ते पिंजऱ्याकडे बघून म्हणायचे, "मीसुद्धा प्रयोगशाळेतूनच यायला हवं होतं."

चार वर्षांनी गिनीपिग गेला. दुसऱ्या दिवशी आईने सवयीने गाजर किसलं, मग बराच वेळ त्या वाटीकडे बघत बसली. जेवताना तिने ती तशीच बिनमिठाची वाटी बाबांच्या ताटात ठेवली.

वरणातही वरून मीठ घेणाऱ्या बाबांनी ती निमूटपणे संपवली.