हिरव्या स्कूटरवाल्यासाठी

शहापूरला नागपूर हायवेच्या कडेला तो पंक्चर काढायचा. चहा काळ्या हातांनीच प्यायचा. बायबल उघडण्याआधी मात्र कोपरापर्यंत साबण लावायचा. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला थांबवून आधी प्रार्थना करायचा. लोकांची नावं त्याला ठाऊक नसत, म्हणून देवाला गाड्याच सांगायचा.

"प्रभू, लाल सायकलवाल्या बाईचा गुडघा बरा कर. हिरव्या स्कूटरवाल्याले नोकरी लागू दे."

हिरवी स्कूटर माझी. मी आपला हसायचो.

पुढे नागपूरला नोकरी लागली, स्कूटर विकली. परवा सकाळी, बारा वर्षांनी, कारच्या चाकात हवा भरायला मुद्दाम त्याच्याकडेच थांबलो. त्याने ओळखलं नाही.

"बसा साहेब, पहिले प्रार्थना करून घेतो."

हात धुऊन त्याने डोळे मिटले.

"हिरव्या स्कूटरवाल्याले नोकरी लागू दे, प्रभू."

लागल्याचं मी त्याला सांगितलंच नव्हतं.